छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट येईपर्यंत

सुजाता,

परवा तुझा जलदान विधी झाला. विहारातली माणसं आली, तुझ्या अंगणवाडीच्या आया पोरांना कडेवर घेऊन आल्या, नाते गावाहून तुझे दोन्ही भाऊ आले. वंदना झाली, जेवणं झाली. हात धुता धुता एकेक जण मला बाजूला घेऊन विचारत होता, "बाईंना नक्की काय झालं होतं हो?" मी सांगायला लागायचो. फुफ्फुसाच्या बाहेरून दोन पातळ आवरणं असतात, एक फुफ्फुसाला चिकटलेलं, एक बरगड्यांना आतून. त्या दोघांच्या मध्ये पाणी साठलं होतं. एवढं होईपर्यंत समोरचा माणूस मान हलवायला लागायचा. पुढचं वाक्य सुरू केलं की त्याची नजर चपलांकडे. तुझा धाकटा भाऊ शेवटी म्हणाला, "दाजी, कॅन्सर म्हणा आनि सोडा."

मला तसं सोडता येत नाही. पहिल्यापासून सांगितल्याशिवाय शेवट सांगणं म्हणजे मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. पहिल्यापासून ऐकणारं माणूस या घरात एकच होतं. तूही पुरतं ऐकायचीस असं नाही, "बरं, मग?" म्हणून मला पुढे ढकलायचीस. पण उठून जायची नाहीस. म्हणून तुलाच सांगतो. तुला माहीत असलेलंच.

तुझा खोकला कोरडा होता. उजव्या कुशीला खुपतं म्हणायचीस, आणि जिना चढलीस की मध्येच थांबून कठड्याला हात लावायचीस. पोषण आहाराची पोती उचलल्यामुळे कूस भरली, असं तुझं निदान. प्रज्ञाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी, म्हणजे आपल्याकडे. तू बाळंतविड्याची तयारी काढली होतीस आणि दम लागतोय हे कोणाला दिसू द्यायचं नव्हतं. मला दिसलं, कारण तू बोलताना वाक्यं लहान करायला लागली होतीस.

महाडच्या छातीच्या डॉक्टर मॅडमनी आधी एक्स-रे काढायला सांगितला नाही. तुला पाठमोरी बसवून त्या बोटावर बोट ठोकत वरून खाली आल्या. मी बघत होतो. आमच्या कारखान्यात पिंपात माल कुठपर्यंत आहे ते असंच बघतात. झाकण न उघडता बोटाच्या पेराने ठोकत यायचं. रिकामं आहे तिथे आवाज घुमतो, भरलं आहे तिथे बसतो. उजव्या बाजूला अर्ध्या पाठीवर आवाज बसला. मॅडमच्या आधी मला कळलं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या बरोबरीनेच कळलं.

पाणी काढायचं म्हटल्यावर तू खुर्चीवरून उठलीस.

"काढायचं नाय. काढलं की वाढतं."

"कोण म्हणालं?"

"आमच्या विहिरीला काय झालं? बाबांनी गाळ काढायला उपसली, झरे मोकळे झाले. मग उपसा किती उपसायची ती."

"सुजाता, विहीर आणि छाती सारखी नाही."

"पाणी सारखंच."

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "ताई, काढल्यामुळे पाणी होत नाही. कशामुळे होतंय ते बघायला थोडं काढायचंय. न काढता मी नुसता अंदाज करीन, आणि अंदाजावर औषध देणार नाही." तू मग खुर्चीवर उलटी बसलीस, खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, जशी अंगणवाडीतली पोरं बसतात आणि तू रागावतेस. सोनोग्राफीने जागा बघून त्यांनी सुई घातली. पाणी फिक्या पिवळ्या रंगाचं आलं, गवती चहा पातळ झाल्यासारखं. त्याच वेळी दंडातून रक्तही घेतलं. मी विचारलं, रक्त कशाला?

त्यांनी सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. छातीत पाणी दोन तऱ्हेने होतं. हृदय, लिव्हर किंवा किडनी थकली की चांगल्या आवरणातूनही पाणी झिरपतं. त्यात प्रोटीन कमी असतं. आणि आवरणच आजारी पडलं की जे पाणी सुटतं त्यात प्रोटीन जास्त असतं. जास्त म्हणजे किती, ते त्याच दिवशीच्या रक्ताशी लावून बघायचं. रक्तातल्या प्रोटीनच्या निम्म्याहून जास्त पाण्यात निघालं तर दुसरी तऱ्हा. एकट्या आकड्याला अर्थ नसतो, हे मी लॅबमध्ये नव्या पोरांना सांगत आलो. मला त्या डॉक्टरांबद्दल आदर वाटला, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की आपण ओळखीच्या मुलखात आहोत.

पाण्यात ४.८, रक्तात ७.२. भागाकार मी मनात केला. दोन तृतीयांश. आवरण आजारी.

आता तीन नावं उरली: न्यूमोनिया, टीबी, कॅन्सर. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी कुठल्या जातीच्या आहेत त्यावरून न्यूमोनिया गेला. दोन उरली. त्यांच्यात निवड करायला एडीए नावाची एक तपासणी असते. आकडा चाळीसच्या वर गेला आणि बाकीचं चित्र जुळलं तर आपल्याकडे टीबी धरतात. तुझा तेहतीस आला.

सात कमी पडले. नोकरीत मी आकडा मर्यादेच्या खाली यावा म्हणून वाट पाहिली. वर जावा म्हणून कधीच नाही. त्या दिवशी पहिल्यांदा.

"मग टीबी नाही?" मी विचारलं.

"असंही म्हणता येत नाही. तेहतीस म्हणजे मधलं. कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. पण सापडल्या नाहीत म्हणजे नाहीत, असंही नाही. काही डॉक्टर इथे टीबीच्या गोळ्या सुरू करतील. मला पुन्हा, जास्त पाणी घेऊन बघायचंय."

मी म्हणालो, आमच्याकडे आकडा काठावर आला की बॅच पासही करत नाहीत, नापासही करत नाहीत. होल्डवर ठेवतात आणि वरून, मधून, तळातून नवे नमुने घेतात. मॅडम म्हणाल्या, "तसंच समजा." रिक्षात तू म्हणालीस, "मला एक टॅग लावा गळ्यात. होल्डवर हाय म्हणून." आणि हसता हसता खोकलीस, आणि मग बराच वेळ खोकतच राहिलीस.

घरी आल्या आल्या तू प्रज्ञाला फोन केलास. इकडे येऊ नको, तिकडेच हो बाळंत. ती रडली. जावई बिचारा म्हणाला, माझ्या आईची काही हरकत नाही. तू म्हणालीस, हरकतीचा प्रश्नच नाही. मला वाटलं तू घाबरून काहीतरी करते आहेस, म्हणून मी तुला परत मॅडमकडे नेलं. त्यांनी समजावलं की नुसत्या आवरणाच्या टीबीची लागण सहसा होत नाही. फुफ्फुसात डाग नाही, थुंकीत जंतू नाहीत.

तू विचारलंस, "थुंकी तपासली म्हणता. पन बेडका आला कुठं माझा? नुसती लाळ होती ती. मीच भरली ना डबी."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. लाळ म्हणजे नमुना नव्हे, हे मला कोणी शिकवायला नको. नमुनाच चुकीचा असेल तर 'निगेटिव्ह' या शब्दाला काय किंमत, हे वाक्य माझंच आहे. आणि तुझ्या हट्टाला कारण होतं, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. वरच्या वाडीतलं ते पोर, ज्याची आजी खोकायची आणि त्याला मांडीवरून खाली ठेवायची नाही. टीबी त्याच्या मेंदूत गेला. तू त्याचं दर महिन्याला झोळीच्या काट्यात घालून वजन केलेलं होतंस. त्यानंतर तू दारोदार सासवांना सांगत फिरलीस, खोकला असेल तर तान्ह्याला घेऊ नका, रागावलात तरी चालेल. किती जणींनी तुला ऐकवलं, "बाई, तुम्हाला नातवंड झालं की बघू तुमचं." आता त्यांना बघायला मिळत होतं.

प्रज्ञाला मुलगी झाली. आपण पोलादपूरला गेलो, तिथून उमरठच्या रस्त्याला त्यांच्या घरी. तू तोंडाला मास्क लावलास आणि अंगणातच उभी राहिलीस. ऊन होतं. विहीणबाई ओटीवर आल्या.

"गो विहिनी, आत ये की गो! रेशनच्या लायनीत उभी हायस काय?"

"इथनं दिसतंय मला."

"काय दिसतंय? दुपटं दिसतंय!"

"तेवढं पुरे."

"काय पुरे? अगो, आज्जी तू. पावणी नाय." मग त्यांनी पोरीला उचलून ओटीच्या कडेपर्यंत आणलं आणि तुझ्याकडे तोंड करून धरलं. "बघ. नाक तुझं हाय. हट्ट पन तुझाच निघतोय काय देव जाने."

तू एक पाऊल मागे सरकलीस. आत प्रज्ञा रडत होती ते सगळ्यांना ऐकू येत होतं. मी आत जाऊन आलो. मी पोरीला हातात घेतलं. बाहेर आलो तेव्हा तू विचारलंस, "किती असंल वजन?" मी म्हणालो, मला कसं कळणार? तू म्हणालीस, "हातात घेतलंत ना?" परतीच्या एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस.

त्यानंतरच्या रविवारी आपण जेवत होतो. आमटी तुलाच आवडेल अशी झाली होती, म्हणजे मला तिखट. तू सहज विचारावं तसं विचारलंस, "तुमाला काय वाटतं, काय निघंल?"

"टीबी. टीबी निघू दे."

तुझा हात ताटातच थांबला. "असं का म्हणता?"

"गोळ्या आहेत त्याला. सहा महिने घेतल्या की संपलं."

"सहा महिने. म्हणजे ती बसायला लागंल."

"अगं, गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांत लागण थांबते. मॅडम म्हणाल्या..."

"मॅडमचं नातवंड हाय काय?"

"मग तुला काय हवंय? दुसरं निघायला हवंय?"

"मला टीबी नको, एवढंच म्हनते मी. दुसऱ्याचं नाव मी घेतलंच नाय."

"दोनच नावं उरली आहेत, सुजाता. एक नको म्हटलं की दुसरं मागितल्यासारखंच."

तू ताट घेऊन उठलीस. "तुमची ती वजाबाकी तुमच्यापाशी ठेवा."

आपली भांडणं कमी झाली नाहीत कधी, पण त्यांच्यात एक सोय होती: दोघांना एकच हवं असायचं आणि रस्त्यावरून वाद असायचा. हे भांडण तसं नव्हतं. एका घरात, एकाच पाकिटाची वाट बघत दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी मागत होती, आणि दोघांनाही ते माहीत होतं. त्या दिवसांत मी जितका एकटा होतो तितका आत्ताही नाही, असं लिहायला गेलो आणि थांबलो. ते खरं नाही. तेव्हा तू निदान शेजारच्या खोलीत भांडी आदळत होतीस.

दुसऱ्यांदा पाणी काढायला मॅडमनी आपल्याला पनवेलच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तोवर ते पुन्हा भरलं होतं. "बघा," तू म्हणालीस. "बोलले होते ना." या वेळी नळीतून आलं ते पिवळं नव्हतं. कोकम सरबतात पाणी जास्त पडलं की जो रंग होतो, तो. तू पाठमोरी होतीस, तुला दिसलं नाही. मला दिसलं, आणि डॉक्टरांनी मला बघताना बघितलं. त्यांनी मोठी बाटली भरून घेतली. त्या पाण्यातल्या सगळ्या पेशी तळाशी बसवायच्या, त्या गाळाची मेणासारखी वडी करायची आणि तिचे पातळ काप काढून बघायचे, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे गाळ फेकतात. इथे गाळच कामाचा होता.

रिपोर्ट घ्यायला शेजाऱ्याला त्याच्या गाडीसकट घेऊन पनवेलला गेलो. डॉक्टरांनी दोघांनाही बसवलं. पाण्यात कॅन्सरच्या पेशी मिळाल्या आहेत, फुफ्फुसातून आवरणावर पसरलेला आहे, असं ते सरळ बोलले. मी खूप प्रश्न लिहून नेले होते. एकही विचारला नाही.

तू विचारलंस, "म्हंजे टीबी नाय?"

"नाही. टीबी नाही."

"हे लागत नाय ना कुणाला? तान्ह्या पोराला?"

"नाही, अजिबात नाही."

तू डोळे मिटलेस आणि श्वास सोडलास. किती दिवसांत तुझा एवढा लांब श्वास मी ऐकला नव्हता. डॉक्टरांना वाटलं तुला समजलं नाही. त्यांनी पुन्हा, हळूहळू, सोप्या शब्दांत सांगायला सुरुवात केली. तू त्यांना थांबवलंस. "कळलं हो डॉक्टर. अंगणवाडीत शिकवते मी."

महाड आलं तेव्हा मी म्हणालो, गाडी आत घ्या. तू म्हणालीस, "सरळ." शेजारी आरशातून माझ्याकडे बघायला लागला. "सरळ हो. पोलादपूरला."

अंगणातल्या टाकीवर तू साबणाने कोपरापर्यंत हात धुतलेस. मास्क काढून घडी करून पिशवीत ठेवलास. ओटीवर भिंतीला टेकून बसलीस, मांडीवर पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "आना गो."

पोरगी मांडीवर आली. तू तिला दोन्ही हातांवर जरा उचललीस, जराशी खाली घेतलीस. "चार किलोला थोडी कमी," तू म्हणालीस. "दूध पुरतंय."

विहीणबाई दारात उभ्या होत्या. "म्हंजे रिपोट आला? टीबी नाय ना?"

"टीबी नाय," तू म्हणालीस.

"अगो, मग तोंड गोड करा की!" त्या आत गेल्या आणि बाळंतिणीच्या डब्यातले डिंकाचे लाडू घेऊन आल्या. एक तुझ्या तोंडात घातला, कारण तुझे हात अडकलेले होते. एक माझ्या हातावर ठेवला. प्रज्ञा उंबऱ्यात उभी राहून हसत होती, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा. मी तुझ्याकडे बघितलं. तू पोरीच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलंस आणि मान अगदी थोडी हलवलीस. आत्ता नको.

मी तो लाडू खाल्ला. सगळा. त्याबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. तू प्रज्ञाला तुझ्या वेळेने, तुझ्या शब्दांत सांगितलंस, आणि ते चांगलं केलंस. पण त्या लाडवाबद्दल मला बोलायचं होतं. मला तुझा राग आला होता. दोघांनी एकच बातमी ऐकली होती आणि तिचा भार मी एकट्याने उचलतोय, असं मला वाटलं. तू मांडीवर नात घेऊन बसली होतीस, आणि मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, तुझ्यावाचून बसलो होतो. माणूस समोर असताना त्याच्यावाचून बसायला मी त्या ओटीवर शिकलो.

पुढचं सगळं तू तिला मांडीवर घेऊनच केलंस. प्रज्ञा पोरीसकट आपल्याकडे येऊन राहिली. औषधं चालली, केस गेले, मग औषधं पुरेनाशी झाली. पाणी भरतच राहिलं तेव्हा पनवेलच्या डॉक्टरांनी नळीतून पावडर सोडून ती दोन आवरणं एकमेकांना चिकटवली, म्हणजे मध्ये जागाच उरू नये. दुखलं तुला फार. दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "झरे बुजवले म्हना की. बाबांनी पन हेच करायला हवं होतं." तुझा विहिरीचा मुद्दा तरीही चूक आहे, सुजाता. पाणी काढल्यामुळे वाढलं नाही. पण आवरणं चिकटल्यावर तुला बसून राहता यायला लागलं, आणि पोरगी तुझ्या खांद्यावर मान टाकून झोपायची, म्हणून मी तेव्हा वाद घातला नाही.

आता ती बसायला लागली आहे. पुढे हात टेकून, डुलत. अनोळखी माणसाने घेतलं की ओठ काढते. परवा विहारात तिला खूप जणींनी घेतलं, ती प्रत्येकीचा चेहरा नीट बघायची आणि मग तिच्या खांद्यावरून मागे बघायची. काल प्रज्ञा तिला घेऊन पोलादपूरला गेली. मला म्हणाली, बाबा, तुम्हीही चला, इथे एकटे काय करणार? मी म्हणालो, येईन.

दुपारी जेवायला बसलो की आपला तो वाद सुरू होतो. तुझी बाजू घ्यायला कोणी नाही, म्हणून तीही मीच मांडतो. हल्ली बरी मांडतो. टीबी निघाला असता तर तू तिला पहिले महिने हातात घेतलं नसतंस, डॉक्टरांनी लेखी दिलं असतं तरी नाही. ती तुझ्याकडे बघून परक्यासारखी रडली असती. आणि आज ती माणसांच्या खांद्यावरून मागे बघते, तशी कोणासाठी बघितली असती? हे सगळं मला मान्य आहे.

माझ्या बाजूने एवढंच उरतं. टीबी निघायला हवा होता. तू सहा महिने त्या अंगणात उन्हात उभी राहिली असतीस, तोंडाला मास्क लावून, नुसतं दुपटं बघत, माझ्यावर चिडलेली. मला चाललं असतं.